जांभळ्या कापडाखालचे बिशप

“पण मास्तर, तुम्ही फडकं काढून बघितलंच नाही. मग ‘नाही’ कसं म्हणता?”

लाझर मास्तर स्टुलावर बसून सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, खात होते. ते त्यांनी सावकाश संपवलं आणि बोटं रुमालाला पुसली.

“फडक्यावरूनच म्हणतो.”

“फडक्यावरून काय दिसतं?”

“तेच तर,” मास्तर म्हणाले आणि दुसरं सुकेळं सोलायला... म्हणजे उलगडायला घेतलं. सुकेळी वसईची असली की मास्तरांना जगात घाई कसलीच नसते.

विल्फ्रेड कोरियाच्या अंगाचा तिळपापड झाला. बरोबरच होतं त्याचं. गेले सात महिने तो कॅथेड्रलच्या मागच्या शेडमध्ये माती कालवत होता. दिवंगत बिशप हिलरींचा पुरुषभर उंचीचा पुतळा. आधी शाडूत घडवायचा, मग त्याचा प्लास्टरचा साचा काढायचा, मग ब्राँझमध्ये ओतायचा आणि आत, बिशपांच्या थडग्याशेजारी उभा करायचा. ओतकामवाले भालेकर शनिवारी साचा काढायला येणार होते. आज सोमवार होता.

आणि कॅथेड्रलच्या फादरांनी एकच अट घातली होती. लाझर मास्तर ‘हो’ म्हणाले तरच साचा. नाहीतर फायबरची तयार मूर्ती आणायची.

फायबरची मूर्ती. विल्फ्रेड असल्या मूर्तींना बाहुल्या म्हणायचा. मुंबईत कलाशिक्षण, शिल्पकलेचं सुवर्णपदक, दोन प्रदर्शनं, आणि गावात मात्र अजून ओळख काय, तर ‘कोरियाचा मुलगा, तो मातीत खेळतो तो’. हा पुतळा उभा राहिला तर ते बोलणं बंद होणार होतं. नाही राहिला तर विल्फ्रेडनं गाव सोडायचं ठरवलंच होतं. तसं तो आईला सांगूनही बसला होता.

म्हणून मास्तर रोज यायचे, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पुतळ्याभोवती एक फेरी मारायचे, स्टुलावर बसायचे आणि ‘अजून नाही’ म्हणून उठायचे, तेव्हा विल्फ्रेडचा जीव वरखाली व्हायचा.

तसे मास्तर त्याचे गुरूच. नाताळच्या गोठ्यासाठी मेंढ्या कशा करायच्या ते सातव्या वर्षी विल्फ्रेडला त्यांनीच शिकवलं होतं. पण मुंबईहून परतल्यावर विल्फ्रेडच्या नजरेला मास्तरांच्या कामातल्या चुका दिसू लागल्या. मास्तरांनी चाळीस वर्षांपूर्वी सागवानात कोरलेला संत अंतोन कॅथेड्रलमध्ये होता. त्याची बोटं म्हणजे राजेळी केळी. मनगट नाही, गुडघा नाही. विल्फ्रेडनं हे एकदा मित्रांसमोर हसत हसत बोलूनही दाखवलं होतं. मास्तरांच्या कानावर ते गेलं असणारच, कारण गावात काहीही कानावर जातंच. मास्तर एका शब्दानं बोलले नव्हते.

“मास्तर, मी चाळीस फोटो जमवले,” विल्फ्रेड म्हणाला. “समोरून, बाजूनं, पाठीमागून. डोळ्यांखालच्या सुरकुत्या मोजून घेतल्या आहेत. झग्यावरची वेलबुट्टी तीन आठवडे कोरली. फडकं काढतो, एकदा बघा तरी.”

“नको.”

“का नको?”

“चेहरा चांगला झालाय, हे मला ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “तुझा हात मला माहीत नाही का? तो बघितला की मी भुलेन.”

विल्फ्रेडला हे कौतुक वाटावं की अपमान, हेच कळेना.

“मग बिघडलंय कुठे? सांगा. दुरुस्त करतो.”

मास्तरांनी सुकेळ्यांची पुडी खिशात घातली.

“उद्या येतो,” म्हणाले आणि गेले.

मंगळवारी सकाळी विल्फ्रेड शेडमध्ये आला आणि दारातच थबकला.

शेडमध्ये गर्दी झाली होती. एकाशेजारी एक, जांभळ्या कापडात नखशिखान्त झाकलेल्या सात आकृत्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये वेदीची व्यवस्था बघणारे बस्त्यावकाका हातात टाचण्या घेऊन घामाघूम झाले होते.

“काका, हे काय?”

“चुना,” बस्त्यावकाका म्हणाले. “आत चुना लावायला घेतलाय. ईस्टरला भिंती पांढऱ्या नकोत का? सगळे संत इकडे आणले. चार माणसं लागली अंतोनाला. काय खातो कोण जाणे.”

ईस्टरच्या आधीचे दोन आठवडे कॅथेड्रलमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाखाली जातात. का जातात, असं बस्त्यावकाकांना विचारलं तर ते म्हणत, “जातात म्हणून जातात.” त्यामुळे संत आले ते झाकलेलेच आले. इथवर ठीक होतं. पण विल्फ्रेडनं मोजलं. कॅथेड्रलमधले संत सहा. कापडं सात.

“काका... माझ्या पुतळ्यालाही घातलंत?”

“मग? सगळे झाकलेले आणि हा एकटाच तुझ्या त्या मातकट फडक्यात? बरं दिसतं का ते?” काकांनी शेवटची टाचणी लावली. “मापात बसलं बघ. जास्तीचं एक होतंच.”

“अहो, ते बिशप आहेत. संत नाहीत.”

“ते आपण ठरवायचं नाही,” काका म्हणाले आणि चुन्याच्या बादल्या बघायला निघून गेले.

विल्फ्रेड कापड ओढणार तोच मास्तर दारात उभे राहिले. त्यांनी रांग एकदा इकडून तिकडे बघितली आणि त्यांचा चेहरा असा खुलला की विल्फ्रेडला संशयच आला.

“राहू दे,” मास्तर म्हणाले. “फार छान झालं. राहू दे तसंच.”

“मास्तर, शनिवार चार दिवसांवर...”

“बस जरा.”

दोघे बसले. मास्तरांनी खिशातून सुकेळ्यांची पुडी काढली. विल्फ्रेडनं नको म्हटलं. राग आलेल्या माणसाला गोड खाववत नाही.

थोड्या वेळानं दारात रेजिनाआजी आल्या. पंचाहत्तरीच्या, लाल लुगड्यातल्या, हातात एक मेणबत्ती. कॅथेड्रल बंद बघून त्या बस्त्यावकाकांना शोधत होत्या, आणि काकांनी त्यांना इकडे पिटाळलं होतं.

“मास्तर, अंतोन इकडे आलाय म्हणे?”

“आलाय. काय हरवलं?” मास्तरांनी विचारलं. हरवलेल्या वस्तूंचं खातं संत अंतोनाकडे असतं, हे तिथे सगळ्यांनाच माहीत.

“तांबडी कोंबडी. परवापासून नाही. मेली कुठे अंडी घालतेय देव जाणे.” आजींनी मेणबत्ती सावरली आणि रांगेकडे बघितलं. “कोणतं कापड?”

“तुम्हीच बघा,” मास्तर म्हणाले.

विल्फ्रेड मनात म्हणाला, सातही गाठोडी सारखी. या वयात कुठे शोधणार बिचारी? तो सांगायला उठला. मास्तरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

आजी पहिल्या कापडाशी गेल्या. “ही आपली माय,” म्हणाल्या, हात कपाळाला लावला आणि पुढे सरकल्या. “हा जुजे, तिचा नवरा.” पुढे. “हा बाणवाला बस्त्याव. झाडाला बांधलेला आहे, तरी आपल्या बस्त्यावापेक्षा कामाचा.” चौथ्यापुढे त्या थांबल्याही नाहीत. पाचव्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. “आणि हा माझा अंतोन. कडेवरच्या बाळाला कसा सांभाळून उभा आहे बघा. पोर जड झालंय त्याला, पण खाली ठेवत नाही.”

विल्फ्रेडनं बघितलं. कापडाखाली ना मनगट होतं, ना बोटं. एक बाजू भारानं किंचित खचलेली होती, आणि तेवढीच आजींना पुरली होती.

केळ्यांसारखी बोटं म्हणून तो हसला होता ती हीच मूर्ती.

आजींनी अंतोनापुढे मेणबत्ती लावली, कोंबडीचं सगळं प्रकरण त्याच्या कानावर घातलं, कोणत्या शेजारणीवर संशय आहे तेही हळूच सांगितलं आणि परत फिरल्या. फिरताना त्यांची नजर शेवटच्या कापडावर गेली.

“आणि हा कोण? उद्घाटनाला आलेला साहेब?”

मास्तर सुकेळ्याच्या पुडीत काहीतरी शोधू लागले.

विल्फ्रेड उठलाच. “आजी, हे बिशप हिलरी.”

“कोण?”

“आपले बिशप हिलरी.”

आजींनी कापडाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “छे,” म्हणाल्या. अगदी प्रेमानं म्हणाल्या, म्हणून ते जास्तच लागलं.

मग मात्र विल्फ्रेडनं कुणाला विचारलं नाही. त्यानं जांभळं कापड ओढलं, खालचं ओलं फडकं सोडवलं आणि बाजूला झाला. बिशप हिलरी उघडे झाले. ताठ, भव्य, डोक्यावर उंच मुकुट, हातात धर्मदंड, नजर समोर दाराकडे.

“अगं बाई,” आजी म्हणाल्या. “तेच की. तोंड तर अगदी तेच. आता बोलतील.”

विल्फ्रेडनं मास्तरांकडे असं बघितलं की मास्तरांच्या जागी दुसरा कुणी असता तर वरमला असता. मास्तर खाली बघत होते.

“पण हे बघतायत कुठे?” आजींनी विचारलं.

“दाराकडे. दारातून आत येताच माणसाला चेहरा दिसावा म्हणून.”

“माणूस तर मी इथे आहे,” आजी म्हणाल्या.

विल्फ्रेडनं आधी आजींकडे बघितलं, मग पुतळ्याच्या नजरेकडे.

मास्तर उठले. जमिनीवर पडलेलं जांभळं कापड त्यांनी उचललं, झटकलं आणि स्वतःच्याच डोक्यावरून घेतलं. पायापर्यंत झाकले गेले. मग त्या कापडाखाली काहीतरी हललं. पाठ कमरेतून किंचित पुढे आली, डावा खांदा खाली गेला, मान वळली आणि कलली.

बस्, एवढंच. ते स्तब्ध उभे राहिले.

रेजिनाआजी त्यांच्या उजव्या हाताला उभ्या होत्या. त्या हसल्या, मास्तरांना या वयात काय हे, असं काहीतरी म्हणाल्या. आणि बोलता बोलता, स्वतःच्याही लक्षात न येता, त्या जांभळ्या कापडाला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

तिथे गेल्यावर त्यांचं त्यांना कळलं. त्यांनी हात तोंडावर धरला.

“बिशप उजव्या कानानं ठार बहिरे होते,” त्या विल्फ्रेडला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या. “कुणी काही सांगायला आलं की असे वाकायचे. डावा कान पुढे करून. अख्ख्या धर्मप्रांताला ठाऊक होतं, डावीकडून जायचं. माझा नवरा गेला तेव्हा अर्धा तास असे वाकून उभे होते. मीच शेवटी म्हटलं, बिशप, पाठ दुखेल.”

विल्फ्रेडला त्याच्या टेबलावरचे चाळीस फोटो आठवले. सगळ्यांत बिशप ताठ होते. ताठ असणारच. फोटो काढणारा प्रत्येक माणूस म्हणत असणार, बिशप, जरा वर बघा. आणि तो गृहस्थ कुणाचंही ऐकणारा.

त्याला आणखीही एक आठवलं. चर्चमधल्या दृढीकरणाच्या संस्काराच्या दिवशी, तो बारा वर्षांचा असताना, बिशपांनी त्याला विचारलं होतं, मोठेपणी कोण होणार? तो पुटपुटला होता. तेव्हा ते सगळं वैभव, मुकुट आणि दंड सावरत, त्याच्या तोंडापाशी खाली आलं होतं. तो मूर्तिकार म्हणाला होता. बिशप हसले नव्हते.

हे तो कसं विसरला, याची त्याला खरोखर लाज वाटली.

मास्तरांनी कापड काढलं. विस्कटलेले केस हातानं बसवले. आजी कोंबडी शोधायला गेल्या.

“मास्तर,” विल्फ्रेड म्हणाला, “हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीत? सात महिने गेले माझे.”

“सांगितलं असतं तर तो माझा बिशप झाला असता.”

“आणि आता?”

मास्तरांनी जांभळ्या कापडाची घडी घातली आणि ती त्याच्या हातात दिली.

पुतळा वाकवायचा म्हणजे खेळ नव्हे. आत लोखंडी नळीचा सांगाडा असतो, आणि तो सरळसोट होता. विल्फ्रेडनं बुधवारी सकाळी पहिल्यांदा तारेनं मान कापून बिशपांचं डोकं उतरवलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून परातीत ठेवलं. बस्त्यावकाका नेमके तेव्हाच आत आले. त्यांना बायबलमधल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं परातीत ठेवलेलं शिर आठवलं आणि त्यांनी दारातच क्रुसाची खूण केली.

“काका, येताय तर हात लावा.”

“मी? बिशपांना?”

“नळीला.”

तीन आठवड्यांची वेलबुट्टी त्यानं एका दुपारी खरवडून काढली. नळी करवतीनं अर्धी कापली, काकांनी एक टोक धरलं, विल्फ्रेडनं दुसरं, आणि सगळं अंग कमरेतून पुढे आणलं. जास्त वाकलं. परत मागे घेतलं. काका म्हणाले, असं दिसतंय की बिशपांची पैशाची पिशवी पडलीय. परत वर घेतलं. गुरुवारी खांद्यांवर पुन्हा माती चढवली. मधूनमधून तो त्यावर जांभळं कापड टाकायचा, दहा पावलं मागे जायचा, मान हलवायचा आणि कापड काढून पुन्हा हात घालायचा.

त्या दोन दिवसांत मास्तर एकदाही फिरकले नाहीत.

शुक्रवारी डोकं बसवलं. धर्मदंड राहिला, पण आता बिशप त्यावर भार टाकून, तो जरा बाजूला धरून उभे होते, मध्ये अडचण नको म्हणून. मुकुट कलला होता. विल्फ्रेडनं शेवटचा हात फिरवला, दारापाशी गेला आणि तिथून बघितलं.

त्याला भीती होती तेच झालं होतं. दारातून मुकुटाचं टोक दिसत होतं आणि वाकलेला खांदा दिसत होता. चेहरा नव्हता. डोळ्यांखालच्या मोजून घेतलेल्या सुरकुत्या, ओठांचा कोपरा, सात महिन्यांत जे त्याला सगळ्यांत चांगलं साधलं होतं ते सगळं खाली, डावीकडे, सावलीत गेलं होतं.

पण त्यानं परत जाऊन बिशपांची मान वर केली नाही.

शनिवारी भालेकर टेम्पो घेऊन सकाळीच आले. प्लास्टरची पोती उतरली, पाणी भरलं, आणि मास्तरांचा पत्ता नाही. भालेकर घड्याळ बघू लागले. विल्फ्रेड पुतळ्याच्या फडक्यावर पाणी शिंपडत राहिला.

दहाच्या सुमारास मास्तर आले. नेहमीसारखी फेरी मारली नाही. स्टुलावर बसले नाहीत. सरळ पुतळ्यापाशी गेले, डाव्या बाजूनं गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विल्फ्रेडच्या कामावरचं फडकं स्वतःच्या हातानं काढलं.

मग ते त्या वाकलेल्या बिशपांच्या अगदी खाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली.

भालेकर खोकले. विल्फ्रेडनं त्यांना हातानंच थांबवलं...

मास्तर तिथून हलेनात. त्यांच्या तोंडावर काय होतं ते विल्फ्रेडला दिसत नव्हतं, कारण बिशपांचा खांदा मध्ये आला होता. भालेकरांच्या प्लास्टरवाल्याची विडी संपली.

शेवटी मास्तर बाहेर आले. रुमाल काढून चष्मा पुसला, नाक पुसलं आणि भालेकरांना म्हणाले, “घ्या साचा.”

विल्फ्रेड तिथल्या तिथे प्लास्टरच्या पोत्यावर बसला. आनंद झाला, खूप झाला. गाव सोडायचं नाही, हे आता आईला सांगायला हवं होतं. तरी एक गोष्ट त्याला खुपत होती, आणि ती मास्तरांना न विचारता राहवलं असतं तर तो विल्फ्रेड कसला?

“मास्तर... एक सांगू? मला एका गोष्टीचं वाईट वाटतंय.”

“बोल.”

“इतका चांगला चेहरा माझ्या हातून पुन्हा होणार नाही. आणि आता तो दारातून दिसत नाही, बाकांवरून दिसत नाही, वेदीवरून दिसत नाही. मग तो बघणार कोण?”

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“ज्याला काही सांगायचं असेल तो.”